मेरूचा बेत

शिमगा सरला की मष्णूमामा आमच्या ओसरीवर येतो,
हातात गेल्या सालच्या कॅलेंडरचं पान, पाठकोरं.
भरमाणी आधीच बसलेला असतो चुना मळत.
मी फॉरेस्टचा खाकी शर्ट खुंटीला अडकवतो,
दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा,
आणि आत जातो चहा सांगायला.

"बघ गा, हितं वरचा कोंड."
पेन्सिलीचा वळसा.
"खालचं पाणी आटलं. आता मेरू वर येणार म्हणजे येणारच."
सांबराला आमच्यात मेरू म्हणतात.
डोंगराचं नाव जनावराला मिळालं की उलटं,
कणकुंबीत कुणी विचारत नाही.

मग वारा. वाऱ्यावर दोन संध्याकाळी जातात.
भरमाणी चुलीतली राख चिमटीत घेऊन अंगणात उभा राहतो,
सोडतो,
बघत राहतो.
"ऊन चढताना खालनं वर. कललं की वरनं खाली.
बसायचं ते कोंडाच्या खालच्या अंगाला."
"खालनं नेम लागंल काय?"
"नेम तुझ्या बापाचा हुता. तू गप बस की."

भाकऱ्या किती, सुकट किती.
विडी नाही.
खोकला असेल त्यानं घरी राहायचं,
इथं दोघंही एकदमच खोकतात.
हाक्याला कोण?
पुतळू गोव्याला बेकरीत.
लुमाण्णाचं ढोपर कापलंय.
नारोजी,
इथं पेन्सिल थांबते.
श्रावणात आम्ही त्याच्या बाराव्याला जेवून आलोय.
तरी मामा लिहितो: उजव्या घळीला नारोजी.
"ती घळ दुसऱ्या कुणाला ठावं हाय?"

काळीज देवीला. मुंडकं आणि एक फरा बार घालणाऱ्याला.
कुत्र्यांचा वाटा वेगळा काढायचा,
कुत्री राहिली नाहीत तरी.

बंदुकीचं कुणी काढत नाही.
ठासणीची, एकनळी, दस्त्याला पितळी पट्टी.
कुठल्याशा इलेक्शनला खानापूरच्या ठाण्यात जमा झाली
ती तिथंच.
उरली पावती, कानडीत.
मामाला कानडी बोलता येतं, भांडता तर फार सुरेख,
वाचता येत नाही.
दर साली तो ती घडी माझ्यापुढं उलगडतो, मी वाचतो:
नळी एक. गंजलेली. मालक हजर.
"गंजलेली नव्हती," तो म्हणतो.
दर साली.

काल माझी गस्त होती.
वरच्या कोंडाकडं जायचं कारण नव्हतं.
रुमालात राख बांधून घेतली होती, बायकोला न सांगता.
खालच्या अंगाला बसलो, बॅटरी विझवून.
ऊन कललं, वारा वरनं खाली आला,
आणि तो आला.
एकच शिंग. दुसरं कुठंतरी गळालेलं,
मान जड बाजूला जराशी कललेली,
कान फुटक्या माणसानं ऐकावं तशी.
पाणी पिताना त्याच्या गळ्यात
घोट वर चढताना दिसत होते. मी मोजले. अकरा.
मग माझ्या घशात खवखवलं.
पोंक!
खूर आपटल्याचा आवाज पोटात बसला,
आणि समोर नुसतं हलणारं पाणी.

सकाळी रजिस्टरात लिहिलं: कडवे, नर, एक.
जागेच्या रकान्यात नुसता नंबर.

ओसरीवर दोघं बसलेच होते.
"आला हुता," मी म्हटलं.
कुणी उड्या मारल्या नाहीत.
मामानं पान पुढं सरकवलं. "गेला कुठनं?"
मी उजव्या घळीवर बोट ठेवलं.
दोघांनी एकमेकांकडं बघितलं.
"नारोजीनं सोडला बघ."
"झोपला आसंल खुळा."

चहा निवत होता.
"त्याला डावीकडं घालूया की औंदा," भरमाणी म्हणाला,
आणि मामा रबर शोधू लागला,
खिशात, कॅलेंडरखाली,
माझ्या शर्टाच्या खिशातसुद्धा.